सोन्याआधीची जमीन : व्हिक्टोरिया वसाहतीची कागदपत्रे आणि सुवर्णकथेचा आरंभ

१. प्रास्ताविक

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय कोपऱ्यातील पोर्ट फिलिप हा जिल्हा १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून विभक्त झाला आणि व्हिक्टोरिया ही नवी ब्रिटिश वसाहत अस्तित्वात आली. त्याच महिन्यात क्लून्स येथे सोने सापडल्याचे जाहीर झाले आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी बॅलराट येथील गाळातही ते हाती लागले. १८५१ मध्ये वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. १८६१ मध्ये ती सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. मेलबर्न विद्यापीठाची स्थापना १८५३ मध्ये झाली, सार्वजनिक ग्रंथालय १८५६ मध्ये वाचकांसाठी खुले झाले. मेंढ्यांच्या कळपांसाठी ओळखला जाणारा प्रदेश दहा वर्षांत बँका, वृत्तपत्रे आणि नाट्यगृहे यांचा प्रदेश बनला. शासनाची स्थापना आणि सोन्याचा शोध यांचा असा योग इतिहासात विरळाच. त्यामुळे व्हिक्टोरियाचा खरा इतिहास सोन्यापासून सुरू होतो, त्याआधीची सोळा-सतरा वर्षे म्हणजे केवळ प्रस्तावना होय, अशी धारणा दृढ झाली तर नवल नाही.

ही धारणा तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : व्हिक्टोरियाची सुवर्णकथा ही आरंभकथा नसून जमिनीच्या मालकीविषयी १८३५ पासून चाललेल्या एका दीर्घ व्यवहाराचा मधला अंक आहे, आणि हा व्यवहार मुख्यतः कागदांवर घडला. तहनामा, जाहीरनामा, चराईचा परवाना, सोने खणण्याचा परवाना आणि विनंतीअर्ज असा या कागदांचा क्रम लावता येतो. सोन्याविषयीच्या ललित व अनुभवपर साहित्यात यांतील परवान्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यामागचे कागद मात्र दृष्टीआड राहिले. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने हे दृष्टीआड होणे महत्त्वाचे आहे, कारण कोणत्या कागदाला साहित्य म्हणावे आणि कोणता कागद दप्तरखान्यात पडू द्यावा, हा निर्णयही त्यातच दडलेला आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. 'आदिवासी' या शब्दाला भारतीय संदर्भात स्वतःचा प्रशासकीय व राजकीय इतिहास आहे. तो ऑस्ट्रेलियावर लादला जाऊ नये म्हणून या लेखात 'मूळ रहिवासी' असा शब्दप्रयोग केला आहे, आणि जेथे शक्य आहे तेथे त्या त्या समाजाचे नावच दिले आहे.

२. तहनामा आणि जाहीरनामा

१८३४ च्या नोव्हेंबरात हेन्टी कुटुंबाने पोर्टलंड येथे सरकारी अनुमतीवाचून वस्ती केली. पुढील वर्षी व्हॅन डीमेन्स लँड (आजचे टास्मानिया) येथील काही भांडवलदारांनी पोर्ट फिलिपच्या जमिनीसाठी एक मंडळी स्थापन केली. तिच्या वतीने जॉन बॅटमन हा सामुद्रधुनी ओलांडून आला आणि ६ जून १८३५ रोजी त्याने कुलिन समूहातील वडीलधाऱ्या आठ जणांशी तह केल्याचे जाहीर केले. मेलबर्नच्या परिसरातील सुमारे ५ लाख एकर आणि जिलाँगच्या बाजूची सुमारे १ लाख एकर जमीन या दोन तहनाम्यांत होती. मोबदला म्हणून ब्लँकेटे, चाकू, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, कपडे आणि पीठ अशा वस्तू लगेच द्यावयाच्या होत्या आणि पुढे दर वर्षीही द्यावयाच्या होत्या.

या तहनाम्याचा मसुदा आधीच तयार होता. जोसेफ टाइस गेलिब्रँड या कायदेपंडिताने तो इंग्रजी भूहस्तांतरणाच्या जुन्या रीतीला धरून लिहिला होता. जमीन देणाऱ्याने मातीचे ढेकूळ घेणाऱ्याच्या हाती ठेवावे, असा विधी त्या रीतीत आहे, आणि बॅटमनने तो पार पडल्याची नोंद केली. भारतीय वाचकाला येथे हातावर उदक सोडून केलेल्या भूदानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र त्या दानविधीत देणारा आणि घेणारा या दोघांनाही विधीचा अर्थ ठाऊक असतो. येथे तसे नव्हते. बॅटमनबरोबर सिडनीच्या बाजूचे काही मूळ रहिवासी आले होते. कुलिन भाषा ही त्यांची भाषा नव्हती. शिवाय कायम विक्रीयोग्य मालमत्ता म्हणून जमिनीकडे पाहण्याची कल्पनाच कुलिन समाजात नव्हती. परक्याला आपल्या प्रदेशातून जाण्याची आणि तेथील पाणी, शिकार व आसरा यांचा मर्यादित काळ उपभोग घेण्याची मुभा देणारा 'तान्डेरम' नावाचा विधी मात्र होता. वडीलधाऱ्यांनी बॅटमनच्या आगमनाकडे त्या विधीच्या अंगाने पाहिले असावे, असे अनेक इतिहासकारांनी मांडले आहे. एकाच प्रसंगाचे दोन वाङ्मयप्रकार येथे समोरासमोर येतात : एका बाजूला खरेदीखत, दुसऱ्या बाजूला आतिथ्यविधी.

तहनाम्यावरील निशाण्यांचा प्रश्नही असाच बोलका आहे. त्या एकाच हाताने काढल्यासारख्या दिसतात, आणि झाडाच्या खोडावरील खुणेवरून त्या उतरवल्या गेल्या असाव्यात, अशी शंका घेतली गेली आहे. मराठी दप्तराच्या अभ्यासकाला महजरावरील निशाण्या परिचित आहेत. पाटलाचा नांगर किंवा इतर बलुतेदारांची आपापल्या व्यवसायाची चिन्हे तेथे अक्षरओळख नसलेल्यांची साक्ष नोंदवतात, आणि ती साक्ष ग्राह्य ठरते ती सगळा गोत जमलेला असतो म्हणून. कुलिन निशाण्यांमागे असा साक्षीदार समाज उभा होता की नाही, हेच तहनामा सांगू शकत नाही. वुरुंजेरी समाजाचे पुढील काळातील नेते विल्यम बरॅक यांनी उतारवयात, आपण लहानपणी बॅटमनला पाहिल्याची आठवण सांगितली होती. तहनाम्याच्या दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या आवाजांपैकी तो एक होय.

हा तह टिकला नाही. पण तो अन्याय्य होता म्हणून रद्द झाला असे नाही. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी २६ ऑगस्ट १८३५ च्या जाहीरनाम्यात, मूळ रहिवाशांशी केलेला असा कोणताही करार ब्रिटिश राजसत्तेच्या हक्कापुढे निरर्थक असल्याचे घोषित केले. राजसत्तेच्या 'रिकाम्या' जमिनीवर परवानगीवाचून राहणारा तो अतिक्रमक, असे त्याचे सूत्र होते. बॅटमनच्या तहनाम्याने मूळ रहिवाशांची फसवणूक केली असे मानले, तरी ते जमिनीचे धनी आहेत एवढे तरी त्याने गृहीत धरले होते. जाहीरनाम्याने ते गृहीतकच काढून टाकले. या भूमिकेला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर नकार दिला तो १९९२ मध्ये, माबो खटल्याच्या निकालात.

३. कुरणांची सोळा वर्षे

१८३६ मध्ये टॉमस मिचेल हा भूमापक या प्रदेशातून गेला. त्याने येथील गवताळ मैदानांना 'ऑस्ट्रेलिया फेलिक्स', म्हणजे भाग्यशाली ऑस्ट्रेलिया, असे लॅटिन नाव दिले. त्याने पाहिलेली मोकळी, वनराईने अधूनमधून नटलेली मैदाने निसर्गदत्त नव्हती. शिस्तीने गवत जाळून आणि कंदमुळांची निगा राखून तेथील लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती. ज्या श्रमाने जमीन मोहक झाली, तो श्रम वर्णनात अदृश्य राहिला आणि जमीन मात्र कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी दिसू लागली.

मिचेलच्या वर्णनापाठोपाठ मेंढ्या आल्या. सरकारी मोजणी झालेली नसलेल्या जमिनीवर कळप घेऊन बसणाऱ्यांना 'स्क्वॉटर' म्हटले जाई. १८३६ च्या कायद्याने त्यांना वर्षाला १० पौंड भरून चराईचा परवाना मिळू लागला. १८३९ पासून त्यात जनावरांमागे थोड्या पट्टीची भर पडली. एका परवान्यावर हजारो एकर रान वापरता येत असे. १८५१ पर्यंत या प्रदेशात सुमारे ६० लाख मेंढ्या होत्या. त्यांच्या खुरांखाली मुरनाँग या कंदाची जमीन तुडवली गेली आणि कुलिन समाजाचे मुख्य अन्न नाहीसे झाले. पाणवठे गेले, शिकार गेली. हिंसा आणि साथीचे रोग यांनी उरलेले काम केले. १८५० च्या दशकाच्या आरंभी संपूर्ण वसाहतीत मूळ रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर आली होती. हा संहार सोन्याच्या आधीचा आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावयास हवे.

लंडनच्या वसाहत खात्याने १८३८ मध्ये मूळ रहिवाशांसाठी एक संरक्षक विभाग स्थापन केला होता. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हे त्याचे प्रमुख. त्यांच्या हाताखालील एडवर्ड स्टोन पार्कर यांनी जा जा वुरुंग समाजाच्या प्रदेशात, फ्रँकलिनफर्ड येथे, ठाणे उभारले. १८४९ च्या अखेरीस हा विभाग गुंडाळण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच प्रदेशातील माउंट अलेक्झांडर आणि बेंडिगो येथे जगातील अत्यंत समृद्ध सुवर्णक्षेत्रे सापडली. म्हणजे सोने आले तेव्हा त्या जमिनीच्या मूळ धन्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेले कार्यालयही उरलेले नव्हते.

या काळातील एक संहिता तौलनिक अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. विल्यम बकली हा कैदी १८०३ मध्ये एका अल्पायुषी ब्रिटिश वसाहतीतून पळाला आणि बत्तीस वर्षे वाथाउरोंग समाजात राहिला. १८३५ मध्ये तो बॅटमनच्या मंडळींसमोर येऊन उभा राहिला तेव्हा इंग्रजी जवळजवळ विसरला होता. पुढे दुभाषा म्हणून त्याने काम केले. परंतु दोन्ही बाजूंनी त्याच्यावर अविश्वास दाखवला गेला. त्याची जीवनकहाणी जॉन मॉर्गन यांनी शब्दांकित केली आणि ती होबार्ट येथे १८५२ मध्ये प्रसिद्ध झाली. बॅलराट हे वाथाउरोंग प्रदेशातील ठिकाण. त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. ज्या वर्षी हजारो लोक या प्रदेशाकडे सोन्यासाठी धावत होते, त्याच वर्षी तेथील समाजजीवनाचे सर्वांत दीर्घ परिचयातून आलेले, जरी दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेले, इंग्रजी कथन छापले गेले. सुवर्णसाहित्याच्या इतिहासात मात्र ते क्वचितच गणले जाते.

४. खणण्याचा परवाना

सोने सापडताच व्हिक्टोरियाचे प्रमुख चार्ल्स जोसेफ ला ट्रोब यांनी ऑगस्ट १८५१ मध्ये जाहीरनामा काढून सर्व सोने राजसत्तेचे असल्याचे सांगितले. भूगर्भातील सोन्या-चांदीवर राजाचा हक्क असतो, हे तत्त्व इंग्लंडमधील १५६८ च्या एका निवाड्यापासून चालत आलेले होते. १ सप्टेंबरपासून सोने खणणाऱ्या प्रत्येकास महिना ३० शिलिंग भरून परवाना घेणे भाग पडले. सोने सापडो वा न सापडो, पैसे आधी द्यावे लागत.

येथे दोन परवान्यांची तुलना उद्बोधक ठरते. स्क्वॉटर हजारो एकर रानासाठी वर्षाला १० पौंड आणि थोडी जनावरपट्टी भरत होता. खाणकऱ्याला सुरुवातीला सुमारे आठ फूट लांब-रुंद तुकड्यासाठी वर्षाकाठी १८ पौंड पडत होते. हा कर सोन्यावरचा दिसत असला तरी, माणसाने आपली नोकरी आणि मालक सोडून खाणीकडे जाऊ नये, हा त्याचा आणखी एक उद्देश होता. १८५१ च्या डिसेंबरात शुल्क दुप्पट करण्याचा प्रयत्न झाला. फॉरेस्ट क्रीक येथे हजारो खाणकरी जमले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १८५३ मध्ये बेंडिगो येथील खाणकऱ्यांनी पाच हजारांहून अधिक सह्यांचा विनंतीअर्ज ला ट्रोब यांना दिला. त्यात शुल्क महिना १० शिलिंगांवर आणावे, अशी मागणी होती. त्या वर्षाच्या अखेरीस शुल्क काहीसे उतरले. परंतु परवाना तपासण्यासाठी पोलिसांनी घातलेल्या धाडी आणि त्यांतील अपमान चालूच राहिले.

सुवर्णक्षेत्रावरील या पहिल्या वसुलीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८५१ च्या सप्टेंबरात बॅलराट येथे परवान्यांची अंमलबजावणी करण्यासाठी जे सशस्त्र दल आले, त्यात कॅप्टन हेन्री डाना यांच्या हाताखालील मूळ रहिवाशांचे पोलीस पथक होते. ज्यांच्या जमिनीचा हक्क १८३५ च्या जाहीरनाम्याने पुसला गेला, त्यांच्यातीलच काही तरुण युरोपीय खाणकऱ्यांकडे राजसत्तेचा परवाना मागत उभे होते. वासाहतिक सत्ता माणसांच्या परस्परसंबंधांत किती गुंतागुंत निर्माण करते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

५. मेढेकोट आणि त्याचा बहुभाषिक साक्षीदार

१८५४ मध्ये नवे गव्हर्नर सर चार्ल्स हॉथम यांनी तपासण्यांची संख्या वाढवली. ११ नोव्हेंबर रोजी बॅलराट येथे सुधारणा संघाची सनद स्वीकारली गेली. प्रतिनिधित्वावाचून कर नाही आणि प्रौढ पुरुषांना मतदान, ही तिची मुख्य सूत्रे. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीचा ठसा तिच्यावर स्पष्ट दिसतो. २९ नोव्हेंबरला खाणकऱ्यांनी आपले परवाने जाळले. दुसऱ्या दिवशी पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण-क्रूस तारकासमूहाच्या निशाणाखाली शपथ घेण्यात आली आणि युरेका येथे लाकडी मेढेकोट उभारला गेला. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने तो अर्ध्या तासाच्या आत मोडला. किमान २२ खाणकरी आणि काही सैनिक मृत्युमुखी पडले.

राजद्रोहाच्या आरोपाखाली तेरा जणांवर १८५५ मध्ये खटले चालले. जॉन जोसेफ हा कृष्णवर्णीय अमेरिकन पहिला सुटला; पाठोपाठ सर्वच निर्दोष ठरले. परवाना रद्द होऊन त्याच्या जागी वर्षाला १ पौंडाचे 'खाणकऱ्याचे हक्कपत्र' आले आणि त्याने मताधिकाराचे दार उघडले. उरलेला महसूल निर्यात होणाऱ्या सोन्यावरील जकातीतून घेण्याचे ठरले. परवान्यापासून हक्कपत्रापर्यंतचा हा शब्दबदल म्हणजे युरेकाचे खरे फलित होय. जो कागद माणसाला संशयित ठरवीत होता, त्याच्याच जागी माणसाला नागरिक ठरवणारा कागद आला.

त्या तेरा जणांत राफाएल्लो कार्बोनी होता. मूळचा उर्बिनोचा हा इटालियन १८४९ मध्ये रोमच्या बाजूने लढला होता आणि अनेक युरोपीय भाषा जाणत होता. मेढेकोटावर हल्ला झाला तेव्हा तो आत नव्हता. नंतर जखमींना मदत करीत असताना त्याला पकडण्यात आले. 'द युरेका स्टॉकेड' हे त्याचे पुस्तक १८५५ मध्ये निघाले आणि पहिल्या वार्षिक स्मृतिदिनाच्या वेळी लेखकाने ते त्याच जागी स्वतः विकले. पुस्तक इंग्रजीत आहे. पण त्या इंग्रजीत इटालियन, लॅटिन, फ्रेंच यांचे तुकडे मिसळलेले आहेत. मध्येच जाहीरनामे, पत्रे, न्यायालयातील कागद जसेच्या तसे येतात, मध्येच रंगभूमीवरचा सूर लागतो. शुद्ध भाषेच्या कसोटीवर हे लेखन विस्कळीत ठरले. परंतु ज्या वस्तीत आयरिश, जर्मन, अमेरिकन, इटालियन आणि चिनी माणसे शेजारीशेजारी खणत होती, त्या वस्तीची साक्ष एकसंध इंग्रजीत देता आली असती का, हा प्रश्न उरतोच. कार्बोनीचा भाषिक विस्कळीतपणा हाच त्याचा पुरावा आहे.

६. अनेक भाषांतील एकच खाण

व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रावरचे लेखन केवळ इंग्रजीत झाले नाही, ही बाब राष्ट्रीय साहित्येतिहासात दुय्यम ठरते. एलन क्लेसी यांचे प्रवासवर्णन १८५३ मध्ये आणि विल्यम हाउइट यांचे 'लँड, लेबर अँड गोल्ड' १८५५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. पॅरिसच्या कलावंत वर्तुळातील आंत्वान फोशरी यांची खाणकऱ्याची पत्रे १८५७ मध्ये फ्रेंचमध्ये निघाली. हेच फोशरी पुढे याच वसाहतीचे छायाचित्रकार झाले. मेलबर्नमधील फ्रेंच वाणिज्यदूताची पत्नी सेलेस्त द शाब्रियाँ यांची 'सोनेचोर' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी त्याच वर्षीची. पोलिश बंडात आणि हंगेरीच्या क्रांतियुद्धात लढलेले सेवेरिन कोझेलिन्स्की १८५२ ते १८५६ या काळात येथे होते. त्यांचे अनुभवकथन १८५८ मध्ये क्राकूव्ह येथे पोलिश भाषेत छापले गेले.

ही पुस्तके एकत्र ठेवून वाचली म्हणजे एक साम्य दिसते. युरोपात १८४८-४९ मध्ये पराभूत झालेल्या क्रांतीची स्मृती यांतील काही लेखक बरोबर घेऊन आले आहेत, आणि परवाना मागणारा पोलीस त्यांना ओळखीचा वाटतो. म्हणूनच परवाना हे सुवर्णसाहित्याचे मध्यवर्ती प्रतीक झाले. पण याच साम्यामुळे एक मर्यादाही आली. राजसत्ता विरुद्ध नागरिक या द्वंद्वात, त्या जमिनीवर दोघांच्याही आधी असलेला तिसरा पक्ष बसू शकत नव्हता. तो या पुस्तकांत दिसतो तो दृश्याचा भाग म्हणून : पॉसमच्या कातड्यांची पांघरुणे विकणारा, वाट दाखवणारा, झाडाची साल सोलून देणारा. फ्रेड केहिर यांनी २०१२ च्या 'ब्लॅक गोल्ड' या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, हे लोक सुवर्णक्षेत्रावरील अर्थव्यवहारात सक्रिय सहभागी होते. सोने शोधण्यातही ते होते. साहित्याने त्यांचे असणे नोंदवले, त्यांचे म्हणणे नोंदवले नाही.

चिनी खाणकऱ्यांबाबत चित्र आणखी कठोर आहे. युरेकाच्या पाठोपाठ, १८५५ मध्येच, व्हिक्टोरियाने चिनी प्रवाशांवर माणशी १० पौंडांचा कर बसवला आणि जहाजाच्या वजनाच्या प्रमाणात त्यांची संख्या बांधून टाकली. तो चुकवण्यासाठी हजारो जण दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो मैल पायी चालत आले. अशाच एका तुकडीला १८५७ मध्ये वाटेत अराराट येथील सोने सापडले. त्याच वर्षी बकलंड नदीकाठच्या चिनी वस्तीवर युरोपीय खाणकऱ्यांनी हल्ला करून ती उद्ध्वस्त केली. परवान्याविरुद्ध मिळवलेला हक्क सर्वांसाठी नव्हता, हे दोन वर्षांतच स्पष्ट झाले. या समूहातून आलेले एक असाधारण हस्तलिखित उपलब्ध आहे. जाँग आ स्यूग हा खाणकरी एका चाकूहल्ल्याच्या प्रकरणानंतर वेडा ठरवला गेला आणि उर्वरित आयुष्य मनोरुग्णालयांत राहिला. तेथे त्याने आपली बाजू इंग्रजी शब्दांत, परंतु चिनी वाक्यरचनेत लिहून काढली. निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी लिहिलेला हा मजकूर आत्मचरित्र मानावा, कैफियत मानावी की भाषांतर, हे ठरवताना वाङ्मयप्रकारांच्या रूढ व्याख्या अपुऱ्या पडतात.

७. अर्ज हा वाङ्मयप्रकार

हेन्री हँडेल रिचर्डसन या नावाने लिहिणाऱ्या एथेल रिचर्डसन यांच्या कादंबरीत्रयीने सुवर्णकथेला विसाव्या शतकात महाकाव्याचा विस्तार दिला. बॅलराट येथे वैद्यकी केलेल्या वडिलांच्या आयुष्यावर आधारलेल्या या त्रयीच्या पहिल्या खंडाला, १९१७ मध्ये, त्यांनी मिचेलनेच दिलेले 'ऑस्ट्रेलिया फेलिक्स' हे नाव दिले. खंडाचा आरंभ खाणीत गाडल्या गेलेल्या माणसाच्या मृत्यूने होतो. सुवर्णस्वप्नाची समीक्षा म्हणून ही त्रयी श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. तथापि शीर्षकातील उपरोध मिचेलच्या आशावादापर्यंत जातो. मिचेलने ज्यांचा श्रम पाहिला नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. समीक्षेचाही आरंभबिंदू सोनेच राहतो.

त्या अदृश्य पक्षाने स्वतः लिहिलेले कागद मात्र अस्तित्वात होते. १८६३ मध्ये मेलबर्नच्या ईशान्येस कोरँडर्क ही वसाहत मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवण्यात आली. तेथील कुलिन कुटुंबांनी शेती केली, हॉप्सचे उत्तम पीक घेतले. आणि जमीन चांगली ठरताच ती काढून घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्यांविरुद्ध तेथील लोकांनी मंत्र्यांना अर्ज केले, वृत्तपत्रांना पत्रे लिहिली, शिष्टमंडळे घेऊन मेलबर्नपर्यंत पायी गेले. १८८१ च्या चौकशी समितीपुढे त्यांनी साक्षी दिल्या. या लढ्याचे नेतृत्व बरॅक यांच्याकडे होते. लहानपणी बॅटमनला पाहिलेला मुलगा आता स्वतः सत्तेला कागद पाठवत होता. १९२४ मध्ये कोरँडर्क बंद करण्यात आले.

बेंडिगोचा १८५३ चा अर्ज आणि कोरँडर्कचे अर्ज यांची रचना पुष्कळशी सारखी आहे. दोहोंत अर्जदार सत्तेची भाषा वापरतात, तिच्याच न्यायबुद्धीला आवाहन करतात आणि आपल्या श्रमाचा हिशेब मांडतात. एक अर्ज लोकशाहीच्या जन्माचा दस्तऐवज ठरला; दुसरे दीर्घकाळ प्रशासकीय दप्तरात राहिले. हा फरक संहितांच्या गुणवत्तेतून आलेला नाही. पहिला अर्ज आरंभकथेत बसत होता आणि दुसरे ती कथा मोडत होते, एवढेच त्याचे कारण. मराठीत या संदर्भात जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला इंग्रजीतून सादर केलेले निवेदन आठवते. कोरँडर्कच्या चौकशीनंतर अवघ्या वर्षभराने, दुसऱ्या वसाहतीत, सत्तेच्याच आयोगापुढे मांडलेली ती कैफियत आज फुले यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहे आणि मराठी विचारपरंपरेचा भाग म्हणून वाचली जाते. दोन्ही परिस्थिती एकरूप नाहीत. परंतु चौकशी आयोगापुढील साक्ष वाङ्मय म्हणून वाचण्याची सवय मराठी अभ्यासकाला आहे, आणि ती येथे उपयोगी पडणारी आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, सोन्याने व्हिक्टोरियाचे रूप पालटले हे खरे असले तरी, त्या रूपांतराची पूर्वअट १८३५ ते १८५१ या काळात पूर्ण झाली होती : जमीन कागदोपत्री रिकामी झाली होती. दुसरी, सुवर्णसाहित्य मूलतः बहुभाषिक आहे आणि एका राष्ट्राच्या एका भाषेतील वाङ्मय म्हणून ते वाचले की त्याचा बराचसा अर्थ निसटतो. तिसरी, तहनामा, परवाना आणि अर्ज हे केवळ संदर्भसाहित्य नव्हे. त्यांना स्वतःची कथनरीती, निवेदक आणि अपेक्षित वाचक आहेत, आणि म्हणून ते साहित्याभ्यासाचे विषय आहेत.

जा जा वुरुंग समाज आपल्या खणून काढलेल्या प्रदेशाला आज 'उलटापालटा केलेला देश' असे म्हणतो. खालची माती वर आणि वरची खाली गेलेली जमीन असा त्याचा शब्दशः अर्थ आहे. २०१३ मध्ये या समाजाचा व्हिक्टोरिया राज्याशी अधिकृत समझोता झाला. २०१८ मध्ये राज्याने मूळ रहिवाशांशी करार करण्याच्या प्रक्रियेचा कायदा केला आणि २०२५ मध्ये कराराचा कायदा विधिमंडळात संमत झाला. बॅटमनच्या तहनाम्यानंतर एकशे नव्वद वर्षांनी तोच वाङ्मयप्रकार पुन्हा लिहिला गेला आहे. या वेळी मसुद्याच्या वाटाघाटीत दुसरी बाजूही बसली होती. सोन्याची कथा येथून मागे वाचत गेल्यास तिचा आरंभ बॅलराटच्या गाळात सापडत नाही. तो यारा नदीच्या परिसरात कधीतरी हाती ठेवल्या गेलेल्या मातीच्या ढेकळापाशी सापडतो.